जोडीदाराची पिवळी रेघ

अक्कांना त्या चकतीतून काय मिळणार होतं, ते मी पहिल्याच दिवशी मोजून ठेवलं. गच्चीवर जायच्या एकोणीस पायऱ्या. झोपताना पाठीशी तीन उशा लागायच्या, त्यांच्या जागी एक. चौथ्या गल्लीतल्या मंदिरापर्यंत रिक्षाशिवाय जाणं. आणि सगळ्यात शेवटी कुंभोजचा बाहुबलीचा डोंगर, डोलीत बसून नव्हे, स्वतःच्या पायांनी.

माझाही फायदा होता, तो लपवत नाही. अक्का तव्यापाशी परत उभ्या राहिल्या तर माझ्या वाटणीच्या निम्म्या भाकऱ्या कमी होणार होत्या.

अक्का म्हणजे राजमती मगदूम, माझ्या थोरल्या जाऊबाई. मी धाकटी, त्रिशला. जयसिंगपुरात आठव्या गल्लीत आमचं भाकरी केंद्र. शाळूच्या भाकऱ्या आम्ही दोघी थापायच्या आणि माझ्या नवऱ्यानं, भरतेशनं, त्या वसतिगृहांना आणि खानावळींना पोचवायच्या. थोरले भाऊजी जाऊन सहा वर्षं झालेली. त्यानंतर दोन वर्षांत अक्कांचं हृदय थकलं. बंद पडलं नाही, नुसतं कामचुकार झालं. पाय सुजायचे, पीठ मळता मळता धाप लागायची. मग अक्का स्टुलावर बसून माझ्या चुका काढायच्या. त्याला श्वास पुरायचा.

सन दोन हजार एकेचाळीसच्या दिवाळीनंतर सांगलीच्या डॉक्टर कणंगलेकरांनी आम्हाला तिघांना समोर बसवलं.

"तुमच्या अंगात लोह कमी आहे," ते अक्कांना म्हणाले.

"दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या की."

"त्या पोटातून सरळ बाहेर गेल्या. असं बघा. शरीरात लोह आत यायला एक दार आहे, आतड्यात. बाहेर जायला दारच नाही. रक्त गेलं तरच लोह जातं. म्हणून यकृत त्या आतल्या दारावर एक पहारेकरी बसवतं. हेप्सिडिन त्याचं नाव. लोह पुरेसं झालं की तो दार लावतो. पण अंगात कुठं दाह असला तरी लावतो, कारण जंतूंनाही लोह लागतं. थकलेल्या हृदयाच्या माणसाला हा दाह कायमचा. म्हणजे दार कायम बंद."

"गेल्या खेपेला तर रक्त बरं आहे म्हणाला होतात," भरतेश म्हणाला.

"रक्त बरं असूनही स्नायू उपाशी असतो. हृदयाच्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे बारके कारखाने असतात, त्यांनाही लोह लागतं. साठा कुलपात आणि कारखाने बंद, अशी यांची अवस्था आहे. सलाइनमधून लोह देता येतं, आपण दिलंही. बरं वाटतं, मग हळूहळू ओसरतं. ही चकती तसं करत नाही."

चकती रुपयाच्या नाण्याएवढी. गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवायची. ती रक्त आणि स्नायू दोन्हीतलं लोह मोजते आणि रोज कणाकणानं, लागेल तेवढंच सोडते. वर्षातून एकदा भरायची. पण तिला एक गोष्ट कळत नाही, की स्वयंपाकघरातून किती आलं. अक्कांचा पहारेकरी आता बरा वागायला लागणार, दार कधी उघडणार, कधी लावणार. त्यात चकतीनं जास्त सोडलं तर ते लोह यकृतात, हृदयात साचतं आणि त्यांनाच खातं. म्हणून एक जोडीदार हवा. धडधाकट, त्याच घरचा, तिन्ही वेळा त्याच भांड्यातलं खाणारा. त्याच्या दंडावर नुसती मोजायची पट्टी. त्याच्या अंगातलं लोह बघून चकती ताडणार की या घरच्या जेवणात काय आहे, आणि तेवढं वजा करणार.

"मी झालो असतो," भरतेश म्हणाला, "पण माझं खाणं निम्मं बाहेरचं."

तिघांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. घरात तिन्ही वेळा जेवणारी दुसरी कोण होती?

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. घरच्या स्वयंपाकाला लोखंडी भांडी नकोत, कारण त्यातून किती लोह उतरेल याचा नेम नसतो आणि मोजणी बिघडते. आणि जोडीदाराच्या अंगात काही कमीजास्त झालं तर तशी सूचना येईल.

कुणाला येईल, हे कुणीच विचारलं नाही. आठवड्याच्या पंधराशे भाकऱ्यांचा हिशेब तोंडी ठेवणारी मी, मीही नाही. करार अकरा पानांचा होता. भरतेश म्हणाला, "अंगठा लाव चल, गाडीत भाकऱ्या गार व्हायला लागल्यात." मी लावला.

घरी आल्यावर लोखंडी कढई माळ्यावर गेली. आमच्याकडे रोजची आमटी आणि पालेभाजी त्याच कढईत व्हायची. चिंच घातली की आमटी काळी पडायची, आणि अक्का म्हणायच्या, काळी आमटी हीच आमच्या घरची खूण. आता स्टीलचं पातेलं आलं. गिऱ्हाइकांच्या भाकऱ्या बिडाच्या तव्यावर आणि आमच्या सहा भाकऱ्या स्टीलच्या. गिऱ्हाइकाला लोखंड, घरच्यांना चकाकी.

तीन महिन्यांत अक्कांची एक उशी गेली. पाचव्या महिन्यात दुसरी. एका सकाळी मी अंगणात परातीपाशी बसले होते, तर डोक्यावरून आवाज आला, "त्रिशला, पापड वाळत घातलेस की वाळवणाला कावळे बोलावलेस?" वर बघते तर गच्चीच्या कठड्याशी अक्का. एकोणीस पायऱ्या चढून वर, आणि माझी चूक काढण्याइतका दम शिल्लक. भरतेश दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर गेला आणि त्यानं वहिनीला लहान पोरागत मिठी मारली. त्याची आई तो अकरा वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवलं अक्कांनीच. त्या दिवशी मी खालून दोघांना बघत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

दर रविवारी सकाळी भरतेश फोन उघडून अक्कांना दाखवायचा. दोन रेघा, लाल अक्कांची, पिवळी जोडीदाराची.

"माझी कुठं आलीय बघ भरतू."

"चढालीय वैनी, चढालीय."

मी तेव्हा तव्यापाशी असायचे.

माझं मला वाटत होतं, वय झालं. सत्तेचाळीस संपता संपता पाळीनं ताल सोडला होता. महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून जायचं. भरतेशला एकदा सांगितलं, तर तो म्हणाला, "जाईल थांबून, सगळ्या बायकांचं थांबतं." तासाला पन्नास भाकऱ्या थापणारी मी त्रेचाळीसवर आले, मग अडतीसवर. केसांचे पुंजके निघायला लागले. आणि पाटीवरच्या पेन्सिली. लहानपणी खाल्ल्या असतील दोन-चार. आता दुकानातून डबी आणायची, पिठाच्या डब्यामागं लपवायची आणि कुणी नसलं की कुरुम कुरुम. एकदा अक्कांनी पकडलं.

"अगं बाई! या वयात डोहाळे?"

"बर्फ पण खावासा वाटतो अक्का."

"भरतू, बारशाची तयारी कर रे!"

सगळे हसले. मीही हसले. लोह कमी पडलं की माणसाला माती, खडू, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं. भरतेश सगळ्यात शेवटी हसला, एवढं मात्र आठवतं. मी तेव्हा त्याची किंमत केली नाही.

जानेवारीत आम्ही कुंभोजला गेलो. रविवार होता. अक्कांनी नवी पांढरी साडी नेसली होती आणि डोलीवाल्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. पायऱ्या सुरू झाल्या. अक्का पुढं, भरतेश त्यांच्या शेजारी, मी मागं. शंभर-सव्वाशे पायऱ्या झाल्या आणि माझ्या डोळ्यांपुढं काजवे आले. छातीत घण बसायला लागले. मी कठडा धरून बसले.

"काय झालं गं?" अक्का वरून ओरडल्या.

"उन्हाचं झालं असंल तिला," भरतेश म्हणाला. जानेवारीतलं सकाळचं ऊन. त्यानं खाली येऊन माझ्यापुढं शहाळं धरलं. "तू बस इथंच. मी वैनीला घेऊन जातो. तिचं स्वप्न हाय."

म्हणून मी बसले. हृदयाची रोगी डोंगर चढून गेली आणि धडधाकट जोडीदार खाली शहाळं पीत बसली. अक्का वरून उतरल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही बघितलेलं नाही. मी त्यांच्या पाया पडले. मनापासून.

महावीर जयंतीला आमच्या समाजाचं रक्तदान शिबिर असतं. मी लग्न होऊन आल्यापासून बावीस वेळा रक्त दिलंय. गेल्या वर्षी अक्कांची तपासणी नेमकी त्याच दिवशी निघाली म्हणून चुकलं. यंदा चुकवायचं नव्हतं. सकाळच्या भाकऱ्या आटोपल्या आणि मिरवणुकीच्या आधीच समाजाच्या मंगल कार्यालयात गेले.

टेबलापाशी पेंढारकरबाई बसलेल्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. जगभरात यंत्रं आली तरी या बाई अजून निळ्या पाण्याची बाटली घेऊन येतात. मोरचुदाचं पाणी. बोटाला टोचायचं, थेंब पाण्यात सोडायचा. रक्त कसाचं असेल तर थेंब खाली जातो.

माझा थेंब पाण्यावर बसून राहिला.

त्यांनी दुसरा सोडला. तोही तरंगला, मग सावकाश कडेला गेला. बाईंनी चष्मा वर केला, मग शेजारचं यंत्र घेतलं. आकडा आला सात पॉइंट आठ.

"चालत आलीस?"

"दोनशे भाकऱ्या करून आले."

"तुझ्या दंडावर ही पट्टी कसली?"

मी सांगितलं. त्यांनी पट्टी उलटसुलट बघितली.

"अगं, ही लोहच मोजते ना? तासातासाला? मग हिनं कधीच सांगितलं असणार की कुणाला तरी."

कार्यालयातून घरापर्यंत चार गल्ल्या. मी तीन ठिकाणी थांबले. 'कुणाला तरी' एवढे दोनच शब्द डोक्यात होते, आणि शेवटच्या गल्लीपर्यंत त्या दोन शब्दांना नाव आलं होतं.

भरतेश दारात गाडी पुसत होता.

"फोन द्या तुमचा."

"कशाला?"

"माझी रेघ बघायचीय."

त्यानं फडकं पिळलं. परत पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं. मग फोन दिला.

लाल रेघ वर चढून सपाट झालेली, एखाद्या पठारासारखी. पिवळी डावीकडून उजवीकडे खाली, खाली, खाली. तिच्याखाली सूचनांची यादी. 'जोडीदाराचे लोह धोक्याच्या पातळीखाली आहे. कृपया जोडीदाराला डॉक्टरांना दाखवा.' आणि पुढं दोन बटणं: 'दाखवले' आणि 'नंतर आठवण करा'. पहिली सूचना जुलैतली. दर रविवारी सकाळी सात वाजता एक. मी बोट ठेवून मोजल्या. एकेचाळीस. एकेचाळीस वेळा नंतर आठवण करा. अठ्ठाविसावी कुंभोजच्या दिवसाची होती. सात वाजता सूचना, सात वाजून दोन मिनिटांनी बटण, आठ वाजता आम्ही गाडीत.

"शहाळं पाजलंस मला," मी म्हणाले.

"त्रिशला, ऐक तरी."

"उन्हाचं झालं असंल म्हणालास."

"तुला लोह दिलं की मोजणी मोडते! चकती आपोआप बंद होते, सहा महिने. करारात हाय. नवा हिशेब बसेपर्यंत ती एक कण सोडत न्हाई. वैनी काढंल का सहा महिने?" त्यानं फडकं गाडीवर टाकलं. "आणि तू चालतीस, फिरतीस, भाकऱ्या करतीस. मला वाटलं, तुझी पाळी थांबंल, मग येईल आपोआप वर. दर रविवारी वाटायचं, पुढच्या रविवारी बघू."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू औषध घेतलं असतंस."

यात खोटं काही नव्हतं. तेच तर लागलं. त्यानं हिशेब बरोबर केला होता. एका पारड्यात वहिनी, दुसऱ्यात मी, आणि पारडं कुठं झुकणार हे त्याला आधीच माहीत होतं. मीच पंचवीस वर्षं तराजूकडे बघितलं नव्हतं.

"मला विचारायचं होतंस," मी म्हणाले. "सहा महिने काढू का म्हणून. मी हो म्हणाले असते एखादवेळी. आता ते तुला कधीच कळणार नाही."

मागं उंबऱ्यात अक्का उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"वैनी, तू आत जा. तुला यातलं काही ठाऊक न्हाई," भरतेश म्हणाला.

"हाय ठाऊक," अक्का म्हणाल्या. "एकेचाळीसाचं ठाऊक न्हाई. पण पिवळी रेघ कुणाची ते ठाऊक होतं की. खाली चाललीय, दिसत होतं. मी तुला विचारलं, तू म्हणालास बायकांचं असतंच. मी ऐकून घेतलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, दाराच्या चौकटीकडे बघितलं. "मला ऐकून घ्यायचंच होतं. डोंगर राहिला होता."

म्हणजे दोघंही. एकानं बटण दाबलं, दुसरीनं त्याच्या खांद्यावरून बघितलं. पेन्सिलीवरून बारशाचा विनोद करताना यांच्या पोटात काय होतं, हे मी विचारणार होते. पण तेवढा श्वास नव्हता.

अक्का स्वयंपाकघरात गेल्या. स्टूल ओढल्याचा आवाज आला. आम्ही आत पळालो तर त्या स्टुलावर चढून माळ्यावरनं कढई ओढत होत्या. पाच किलोची कढई, दीड वर्षाची धूळ. एका दमात खाली आणली, घासली, चुलीवर ठेवली. डाळ, चिंच, गूळ.

"वैनी, मोजणी बिघडंल!"

"बिघडू दे. आणि सांगलीला फोन लाव. म्हणावं, जोडीदाराला सलाइन पायजे. आत्ता."

आमटी काळी झाली. अक्कांनी ताट माझ्यापुढं ठेवलं. मी खाल्ली. माफ केलं म्हणून नाही, भूक लागली होती म्हणून.

तिसऱ्या दिवशी मला सांगलीत सलाइन लागलं आणि त्याच दुपारी अक्कांच्या चकतीचा हिरवा दिवा विझला. डॉक्टर कणंगलेकरांनी यादी बघून कपाळाला हात लावला. "सूचना नातेवाइकाला जाते," ते म्हणाले. "जोडीदाराला वेगळी जात नाही. जोडीदाराची नोंद रुग्णाच्या नोंदीतच धरलेली आहे." पान नववं. त्यांनी मला दाखवलं. मी यावेळी शेवटपर्यंत वाचलं. जोडीदारानं रक्तदान करू नये, असंही त्यात होतं. मग म्हणाले, नवा जोडीदार मिळाला तर सहा महिन्यांत चकती पुन्हा सुरू होईल. अट तीच, तिन्ही वेळा घरचं, त्याच भांड्यातलं.

"मी होतो," भरतेश म्हणाला. डोळ्यांत पाणी. खरं पाणी होतं, ते मी नाकारत नाही.

त्याच्या दंडावर पट्टी लागली. कढई परत माळ्यावर गेली. अक्कांची आणि त्याची सोय स्टीलच्या पातेल्यात. माझं मी त्यानंतर वेगळं करून खाते, बिडाच्या तव्यावर. तीन आठवडे त्याची रेघ दोरी ओढल्यागत सरळ. चौथ्या आठवड्यात ती उडी मारून वर गेली. स्टँडजवळच्या टपरीवर लोखंडी कढईत तर्री उकळत असते, तिथली मिसळ. मोजणी पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी सात आठवडे टिकला.

"एकदाच खाल्ली गं," म्हणाला. "वसतिगृहातली पोरं आग्रह करत होती."

आता सूचना माझ्या फोनवर येतात. मी एकही पुढं ढकलत नाही. मोठ्यानं वाचून दाखवते, अक्कांसमोर.

सात महिने झाले. माझं रक्त बारा पॉइंट एक. गर्भाशयातली गाठ काढून टाकली. तासाला पुन्हा पन्नास भाकऱ्या. पेन्सिलींची अर्धी डबी पिठामागं तशीच आहे, हात जात नाही. पण कुणी प्रेमानं शहाळं पुढं केलं तर मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघते, त्यात फोन आहे का म्हणून. ते काही सलाइननं भरून आलं नाही.

अक्कांना जुन्या पद्धतीचं लोह सलाइनमधून देतात. दोन उशांवर आल्यात. एकोणिसांपैकी अकरा पायऱ्या चढतात आणि अकराव्या पायरीवर बसून माझ्या चुका काढतात. डोंगराचं नाव काढत नाहीत. काल म्हणाल्या, "एकदा चढले ते पुरे. ते पण तुझ्या पायांनी चढले." मी त्यांना पाणी नेऊन दिलं.

आणि भरतेश अक्कांसाठी पाणी घेऊन वर जायचं असलं की अजूनही दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो.